बाटलीतलं किती अंगात जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही नुकतेच उत्पादन-सुरक्षेच्या कामात आला आहात. बाथरूम साफ करायच्या एका स्प्रेची घटकयादी हातात आहे, त्यातल्या एका विद्रावकाची (इतर घटक विरघळवणाऱ्या द्रवाची) सुरक्षित मात्रा माहीत आहे आणि वापरणाऱ्याच्या अंगात हा विद्रावक किती जातो त्याचं मॉडेल करा, असं वरिष्ठांनी सांगितलंय. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, कुठलं सूत्र लावावं, आणि प्रत्येक घर वेगळं असताना निघालेल्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय.

सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो. त्याआधी एका ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि तुमच्याच स्प्रेची बाटली त्यावर ठेवा. वजन लिहा, दहा वेळा ट्रिगर दाबा, पुन्हा वजन करा. साध्या ट्रिगरच्या बाटलीतून एका दाबाला साधारण १ ग्रॅम द्रव बाहेर पडतो. पण नोझल बदललं की आकडा बदलतो, म्हणून तुमच्या बाटलीचा तुम्हीच काढा. मग ओळखीच्या पाच-सहा जणांना ती बाटली द्या, 'नेहमी करता तसं बाथरूम साफ करा' एवढंच सांगा आणि आधीचं-नंतरचं वजन घ्या. घड्याळ लावा. दार उघडं होतं की बंद, एक्झॉस्ट फॅन चालू होता का, हातमोजे होते का, फवारताना तोंड भिंतीपासून किती लांब होतं, हे सगळं टिपून ठेवा. अर्धा-एक दिवस जाईल, पण पुढच्या सगळ्या गणिताचा जीव या कागदात असतो.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय, तर माझं पहिलं स्वतंत्र काम फरशी पुसायच्या द्रवाचं होतं. लेबलवर होतं, बादलीभर पाण्यात एक टोपण. मी टोपण मोजलं, बादली मोजली, गणित करून अहवाल दिला. नंतर एका पाहणीसाठी आम्ही काही घरांत जाऊन नुसते बघत बसलो. एका घरात साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या. त्यांनी टोपण बाजूला ठेवलं, बाटली सरळ बादलीवर उपडी धरली आणि वास नाकापर्यंत आला तेव्हा थांबल्या. मग कोपऱ्यातल्या एका डागावर तोच द्रव तसाच ओतला, गुडघ्यावर बसल्या आणि उघड्या तळहाताने घासायला लागल्या. टोपणात १५ ग्रॅम मावत होता. बाटली काट्यावर ठेवली तर ५२ ग्रॅम कमी भरली. माझ्या समीकरणात काहीच चूक नव्हती, पण त्यात मी जो माणूस धरला होता तो कुठल्याच घरात राहत नव्हता. त्या दिवसापासून घटकाची टक्केवारी मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. ती प्रयोगशाळेत दशांशापर्यंत कळते. माणसाचा हात किती वाकतो, हे बघावंच लागतं.

आता गणित. सूत्र कितीही लांबलचक दिसलं तरी आत प्रश्न चारच असतात: किती उत्पादन वापरलं, त्यात हा घटक किती, त्यातला किती नाकाशी, कातडीवर किंवा तोंडात पोचला, आणि पोचलेल्यातला किती शरीरात शिरला. आलेल्या उत्तराला शरीराच्या वजनाने भागायचं आणि सुरक्षित मात्रेशी ताडून बघायचं.

तुमच्या स्प्रेचंच उदाहरण करू. दहा दाब म्हणजे १० ग्रॅम. विद्रावक ५ टक्के धरला तर ५०० मिलिग्रॅम. बाथरूम १० घनमीटरचं, आणि सगळा विद्रावक लगेच हवेत गेला असं समजा. सुरुवातीची पातळी झाली घनमीटरला ५० मिलिग्रॅम. खोलीतली हवा तासाला दोनदा बदलत असेल तर ही पातळी उतरत जाते आणि पहिल्या अर्ध्या तासाची सरासरी ३२ च्या आसपास येते. घासण्याच्या कामात माणूस अर्ध्या तासात साधारण ०.८ घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे सुमारे २५ मिलिग्रॅम, आणि ६० किलोच्या माणसाला किलोमागे ०.४ मिलिग्रॅम. हे तुम्ही कागदावर दहा मिनिटांत करू शकता, आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी कराच. म्हणजे पुढे स्क्रीनवर ४० आलं किंवा ०.००४ आलं तर कुठेतरी एकक चुकलंय हे लगेच लक्षात येईल.

या गणिताशी थोडं खेळून बघा, खूप शिकायला मिळतं. दार-खिडकी बंद करून हवेची अदलाबदल तासाला दोनदावरून दोन तासांत एकदावर आणली तर अर्ध्या तासाची सरासरी ३२ वरून ४४ होते. दीडपटही नाही. पण दाब दहाऐवजी वीस झाले तर आकडा सरळ दुप्पट. मोजक्या मिनिटांच्या कामात किती फवारलं आणि खोली केवढी, यावर सगळं ठरतं. वायुवीजनाला आपला परिणाम दाखवायला वेळच मिळत नाही.

दिवसभर चालू असलेल्या वस्तूचं नेमकं उलट. भिंतीला लावलेलं एअर फ्रेशनर घ्या. २० घनमीटरच्या खोलीत ते तासाला १० मिलिग्रॅम सोडतंय. हवा दोन तासांत एकदा बदलत असेल तर पातळी घनमीटरला १ मिलिग्रॅमवर स्थिरावते. तासाला दोनदा बदलली तर ०.२५ वर. इथे खिडकीने चौपट फरक पडला, आणि तो चोवीस तास टिकणारा. म्हणून 'वापरताना खिडकी उघडा' ही सूचना मला एअर फ्रेशनरवर जितकी मोलाची वाटते तितकी स्प्रेवर वाटत नाही. स्प्रेवर मी लिहीन, 'फवारून झाल्यावर थोडा वेळ बाहेर थांबा' आणि 'कापडावर फवारून मग पुसा'.

आणखी एक तपासणी विसरू नका: बाष्पदाब, म्हणजे पदार्थाची वाफ किती सहज होते त्याचं माप. 'सगळा विद्रावक लगेच हवेत गेला' हे आपण सोयीसाठी धरलं, पण हवेला एक मर्यादा असते. रेणुभार १०० आणि बाष्पदाब १ पास्कल असेल तर नेहमीच्या तापमानाला हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम मावतं. बाष्पदाब ०.१ पास्कल असेल तर फक्त ४. म्हणजे असा जड विद्रावक असेल तर वरचं ३२ हे उत्तर वाफेपुरतं निसर्गतः शक्यच नाही. अहवालात संपृक्त पातळीच्याही वरचे आकडे मी अनेकदा पाहिले आहेत. ते 'सुरक्षित बाजूने' काढलेत असं समर्थन येतं, पण अशक्य आकड्याने कुणाचीच सुरक्षा होत नाही. उलट चांगलं उत्पादन नाकारलं जातं आणि त्याच्या जागी कमी अभ्यासलेलं दुसरं काहीतरी येतं.

खोलीभर हवा एकसारखी मिसळली, हे या मॉडेलचं सगळ्यात मोठं गृहीतक. मी भिंतीवर फवारतो तेव्हा माझं नाक त्या ढगात असतं, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नसतं. पहिल्या काही मिनिटांसाठी म्हणून खोलीऐवजी माणसाभोवतीची एक घनमीटर हवा धरायची रीत आहे. विद्रावकाचा त्रास जर क्षणिक असेल, डोळे चुरचुरणं, खोकला, दम्याचा झटका, तर अर्ध्या तासाची सरासरी कामाची नाही. ही जवळची पातळीच बघा. दिवसाची मात्रा हवी असेल तर सरासरी चालते. कुठला परिणाम टाळायचाय त्यावर कुठला आकडा काढायचा हे ठरतं, आणि हे विषतज्ज्ञाला आधी विचारायचं, शेवटी नाही.

आता थेंबांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नव्हता आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. वाफ न होणारा पदार्थसुद्धा थेंबांवर बसून फुप्फुसात जातो. मोठे थेंब नाकात-घशात अडकतात; १० मायक्रोमीटरच्या खालचे खोल वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. ट्रिगरच्या बाटलीचे बहुतेक थेंब यापेक्षा बरेच मोठे असतात, दाबाखालच्या कॅनचे त्याहून बारीक.

दक्षिण कोरियात जे झालं ते या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवं. घरातल्या ह्युमिडिफायरच्या (हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून त्यात घालायचं निर्जंतुक द्रव तिथे १९९४ पासून विकलं जात होतं. त्यातलं एक प्रमुख रसायन पीएचएमजी. असली निर्जंतुकं पृष्ठभागांवर वापरायची, कातडीवरून किंवा चुकून पोटात गेली तर काय, एवढाच विचार त्यांच्याबाबत झालेला. अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायरने त्याच पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार केले आणि बंद खोलीत, रात्रभर, झोपलेल्या माणसांच्या छातीत भरले. २०११ च्या वसंतात गंभीर फुप्फुसविकाराचे रुग्ण एकापाठोपाठ रुग्णालयात आले, त्यांत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया होत्या. त्या ऑगस्टअखेर सरकारने वापर थांबवायला सांगितलं, नंतर उत्पादनं बाजारातून काढली, आणि नवे रुग्ण यायचे थांबले. तोवर सतरा वर्षं गेली होती आणि मोठ्या संख्येने माणसं, लहान मुलंसुद्धा, दगावली होती. रसायन तेच, मात्राही फारशी वाटू नये अशी, वाट बदलली. 'हे पाण्यात घातलं की ते पाणी पुढे कुठे जातं?' एवढा प्रश्न कुणी कागदावर लिहिला असता तर गणित अवघड नव्हतं. मी आजही कुठल्याही उत्पादनाच्या फाइलच्या पहिल्या पानावर हा प्रश्न हाताने लिहितो.

कातडीचं गणित त्या मानाने सोपं दिसतं, पण फसवतं. द्रवात हात बुडवून काढले की त्यावर साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा थर राहतो असं धरतात. दोन्ही हातांचं क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर धरलं तर ९ मिलिलिटर द्रव. लिटरला १० ग्रॅम उत्पादन, त्यात ५ टक्के घटक, म्हणजे मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम. हातांवर साडेचार मिलिग्रॅम. आता त्या फरशी घासणाऱ्या बाई आठवा. द्रव पातळ न करता तसाच हाताला लागला तर तेच गणित ४५० मिलिग्रॅम सांगतं. शंभरपट. हवेच्या बाजूने कुठल्याही एका गोष्टीने इतका फरक पडत नाही. म्हणून 'पातळ न करता वापर' ही वेगळी परिस्थिती म्हणून मोजायची, तिला 'गैरवापर' म्हणून बाजूला काढायचं नाही. लोक असं करतात हे आपल्याला ठाऊक असेल तर तो वापरच आहे.

कातडीतून किती आत जातं यासाठी मोजलेला आकडा नसेल तर सुरुवातीला शंभर टक्के धरा. त्यावरही सुरक्षित असेल तर पुढे वेळ घालवू नका. नसेल तेव्हाच पारगम्यतेचा गुणांक (पदार्थ कातडीतून किती वेगाने आत शिरतो तो आकडा) शोधा आणि संपर्काचा वेळ मोजा. हातमोज्यांबाबत माझं मत ठाम आहे: ग्राहकाच्या मॉडेलमध्ये हातमोजे धरू नयेत. कामगाराला ते घालायला लावता येतात, घरातल्या माणसाला नाही. आणि एकदा आत द्रव शिरलेला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण त्यात कातडी भिजत राहते.

तुमच्या विद्रावकाशी थेट संबंध नाही, तरी इथे थोडं थांबतो, कारण पुढे तुमच्यासमोर हे येणारच. घरातली काही रसायनं बाटलीतून येत नाहीत. प्लास्टिक मऊ करण्यासाठी घातलेले थॅलेट, फर्निचरमधले अग्निरोधक, असे पदार्थ वस्तूंतून वर्षानुवर्षं झिरपतात. डीईएचपी या थॅलेटचा बाष्पदाब इतका कमी की हवेत घनमीटरमागे फार तर काही मायक्रोग्रॅम मावतं. वाटेल, मग काय बिघडलं? पण ते धुळीवर बसतं, भिंतींवर, कपड्यांवर, हातांवर बसतं. वापराच्या वेळेचं मॉडेल इथे चालत नाही, कारण 'वापर' अशी घटनाच नाही. वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेतली पातळी, तिथून खोलीत येण्याचा वेग आणि धूळ-हवा यांच्यातली वाटणी, असा हिशेब करावा लागतो.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा पुरुषांना फक्त अर्ध्या चड्डीवर, थॅलेट मिसळलेल्या हवेच्या खोलीत सहा तास बसवलं. काही वेळा त्यांनी ती हवा श्वासात घेतली, काही वेळा डोक्यावर हूड घालून त्यांना स्वच्छ हवा दिली, म्हणजे उरला तो फक्त कातडीचा मार्ग. लघवी तपासली तेव्हा दिसलं की हवेतून कातडीवाटे आत जाणारं थॅलेट श्वासातून जाणाऱ्याच्या बरोबरीचं आहे. त्याआधीची बहुतेक मॉडेलं हा मार्ग शून्य धरत होती. पुढच्याच वर्षी कळलं की स्वच्छ कपडे अडसर बनतात, पण त्याच हवेत बरेच दिवस टांगलेले कपडे अंगावर घातले तर उघड्या कातडीपेक्षा कित्येक पट जास्त आत जातं. इतकं साधं, रोजचं कापड, आणि आपल्या समीकरणात त्याला जागाच नव्हती.

रांगणाऱ्या बाळाचं मॉडेल स्वतंत्र करा, मोठ्या माणसाला लहान करून ते होत नाही. त्याचं वजन कमी, श्वास वजनाच्या मानाने जास्त, नाक जमिनीजवळ आणि हात तोंडात. १९९८ साली नेदरलँड्समध्ये ४२ लहान मुलांच्या पालकांनी घड्याळ घेऊन मुलं वस्तू किती वेळ तोंडात धरतात ते टिपलं. चोखणी सोडून, ६ ते १२ महिन्यांच्या बाळांची सरासरी दिवसाला ४४ मिनिटं आली, दीड वर्षानंतर ती १० मिनिटांच्याही आत. खेळण्यांतल्या थॅलेटवर नियम करताना अशा नोंदी फार उपयोगी पडल्या. त्यामागे कुठलंही महागडं उपकरण नव्हतं. आई-बापांनी मूल बघितलं आणि मिनिटं लिहिली. फरशी पुसायच्या उत्पादनाला म्हणूनच दोन माणसं असतात: पुसणारा, आणि नंतर तिथे रांगणारं मूल. तुमचा स्प्रे टबमध्ये मारला जाणार असेल तर नंतर त्याच टबात बाळाला आंघोळ घातली जाईल, हेही लिहा.

आता विश्वासाचा मुद्दा. सगळी गृहीतकं सर्वांत वाईट धरली की उत्तर सुरक्षित, असं शिकवलं जातं. पहिल्या चाळणीसाठी ठीक आहे. पण पाच गोष्टी स्वतंत्र असतील आणि प्रत्येकीचं ९५वं पर्सेंटाइल (शंभरातले ९५ जण ज्याच्या खाली असतात तो आकडा) घेतलं, तर पाचही एकत्र जुळून येणारा माणूस ३२ लाखांत एक. तेव्हा चाळणीत उत्पादन अडकलं की वितरणं वापरा: वजन, वेळ, दाबांची संख्या, खोलीचं आकारमान, प्रत्येकाचा पसारा घालून हजारो काल्पनिक माणसं तयार करा आणि मग त्यांतलं ९५वं बघा. मात्र गोष्टी खरोखर स्वतंत्र आहेत का हे तपासा. जो जास्त फवारतो तोच जास्त वेळ घासतो. जिथे बाथरूम लहान तिथे खिडकीही लहान किंवा नाहीच. हे संबंध तोडून टाकले की वितरणाचं शेपूट आखूड होतं आणि ज्यांना जपायचं तीच माणसं गणितातून गळतात. इतरांची घरं साफ करून पोट भरणाऱ्या माणसासाठी तर ग्राहकाचं मॉडेल पुरतच नाही. त्याचा दिवस वेगळा मांडा.

शिवाय तोच घटक इतर उत्पादनांत असतो. विशेषतः प्रिझर्व्हेटिव्ह: शाम्पूत, भांड्यांच्या द्रवात, ओल्या वाइप्समध्ये, रंगात. प्रत्येक उत्पादन एकटं सुरक्षित ठरतं आणि बेरीज कुणीच करत नाही. ती करा.

खरी परीक्षा शरीरात मोजून होते. घरातली हवा बाहेरच्या धुरांड्यांइतकी महत्त्वाची आहे हेसुद्धा असंच कळलं. १९७९ ते १९८५ या काळात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, सुमारे ६०० लोकांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी छोटी यंत्रं लावली. रासायनिक कारखान्यांजवळ राहणारे लोकही त्यात होते. तरीही बहुतेक बाष्पशील रसायनांची पातळी घरात बाहेरपेक्षा जास्त निघाली. ड्रायक्लीन केलेले कपडे, गरम शॉवर, डांबराच्या गोळ्या, सिगारेट असे स्रोत एकेक करून समोर आले.

२००० सालचं थॅलेटचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. उत्पादनाच्या टनांवरून सगळ्यांना वाटत होतं की लोकांच्या अंगात डीईएचपी आणि डीआयएनपी हे दोन थॅलेट सर्वाधिक असणार. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, २८९ प्रौढांची लघवी तपासली तर वर आले ते सौंदर्यप्रसाधनांत आणि सुगंधांत वापरले जाणारे हलके थॅलेट, आणि त्यातला एक डायब्यूटिल थॅलेट २० ते ४० वयाच्या स्त्रियांत लक्षणीय जास्त. टनांच्या आकड्यात ही स्त्री कुठेच दिसत नव्हती. पुढे हेही कळलं की डीईएचपीचा जो तुकडा तेव्हा मोजला तो त्याच्या चयापचयातला लहानसा भाग होता, म्हणून डीईएचपी खऱ्याहून कमी दिसलं. म्हणजे लघवीतल्या आकड्यावरून मात्रेकडे उलट जातानाही एक मॉडेल लागतंच: शरीर किती तासांत ते बाहेर टाकतं, कुठल्या रूपात टाकतं, नमुना सकाळचा की संध्याकाळचा. मोजणी आणि मॉडेल एकमेकांना तपासतात, कुणी कुणाचा न्यायाधीश नाही. पुढे ईपीएच्याच शास्त्रज्ञांनी जवळपास ८ हजार रसायनांसाठी ढोबळ अंदाज काढून ते अशा लघवीच्या नोंदींशी ताडले. रसायन ग्राहकोपयोगी वस्तूंत वापरलं जातं की नाही यासारख्या, उत्पादनाच्या परिमाणासह, अवघ्या पाच साध्या बाबींनी रसायनारसायनांमधल्या फरकाचा सुमारे निम्मा भाग समजला.

तर तुमच्या आकड्यावर विश्वास किती? माझ्या अनुभवात, वजनकाटा वापरून, वापर बघून केलेलं गणित दोन-तीन पटीच्या आत बसतं असं मानायला हरकत नसते. लेबलवरून केलेलं दहापट चुकलं तरी मला आश्चर्य वाटत नाही. सुरक्षित मात्रेपासून तुम्ही हजारपट खाली असाल तर हा फरक बिनमहत्त्वाचा. तिप्पटच खाली असाल तर अहवाल पाठवू नका, आधी पुन्हा मोजा.

सॉफ्टवेअर: नेदरलँड्सच्या आरआयव्हीएम या सार्वजनिक आरोग्य संस्थेचं कॉन्सएक्स्पो घ्या. मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि त्याच्यासोबतच्या माहितीपत्रकांत प्रत्येक डिफॉल्ट आकडा कुठून आला आणि तो किती भरवशाचा, हे गुण देऊन लिहिलेलं आहे. मला प्रोग्रामपेक्षा ती पत्रकं जास्त प्रिय आहेत. साफसफाईचं पत्रक आधी सलग वाचून काढा. ईपीएचं कन्झ्युमर एक्स्पोजर मॉडेल वस्तूंतून झिरपणाऱ्या रसायनांसाठी चांगलं. श्वासाचे, वजनाचे, क्षेत्रफळाचे आकडे ईपीएच्या एक्स्पोजर फॅक्टर्स हँडबुकमध्ये सापडतील, पण ते अमेरिकेतल्या लोकांचे आहेत. ज्यांच्यासाठी गणित करताय त्यांची मापं मिळत असतील तर तीच घाला. डिफॉल्ट बदललात तर का बदललात ते त्याच ओळीत लिहा. सहा महिन्यांनी दुसरं कुणीतरी ती फाइल उघडेल.

मला पुढचं सांगण्यासाठी तीन गोष्टी लागतील: विद्रावकाचा बाष्पदाब, नोझलच्या थेंबांच्या आकाराचा तक्ता, आणि तुमच्या त्या पाच-सहा जणांच्या वजनांच्या नोंदी. तक्ता तुमच्याकडे नसेल तर नोझल बनवणाऱ्याकडे मागा, त्याच्याकडे बहुधा असतो. नोंदींची सरासरी काढून पाठवू नका, जशा टिपल्यात तशाच पाठवा. आणि कुणी दार बंद करून फवारलं असेल किंवा फवारता फवारता खोकलं असेल, तर ते त्या नोंदीच्या शेजारी लिहा.